टक्कर मोजणारी गाडी: बल, त्वरण आणि आवेगाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो. एक गाडी सरळ रुळावर पळवायची, शेवटच्या बंपरवर आदळू द्यायची आणि दोन आकडे काढायचे. डावीकडे गाडीचं वस्तुमान गुणिले वेगातला बदल. उजवीकडे बंपरला बसलेल्या बलाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. दोन्ही आकडे पाच टक्क्यांच्या आत आले की काम झालं म्हणायचं.

निमित्त भाचीचं. तिने विचारलं, "मामा, आवेग म्हणजे बलच ना? मग वेगळं नाव कशाला?" मी सूत्र सांगितलं: आवेग म्हणजे बल गुणिले ते लागलेला वेळ, आणि तो वस्तुमान गुणिले वेगातल्या बदलाइतका. तिने मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. सांगता सांगता माझ्याही लक्षात आलं की हे सूत्र मला फक्त पाठ आहे, हाताला कधी लागलेलं नाही. म्हणून हा खटाटोप.

सामान: दीड मीटर लांबीचा ॲल्युमिनिअमचा सी चॅनेल (इंग्रजी सीच्या आकाराची पट्टी, हाच रूळ), प्लायवूडचा तुकडा, चार ६०८ नंबरची बेअरिंग (आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी), ८ मिमीचे बोल्ट, नट, वॉशर. बेअरिंग हीच चाकं, वेगळी चाकं लावली नाहीत. सगळं जोडून गाडी भरली ५०२ ग्रॅम. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

५ जानेवारी

चॅनेल पाणसळ ठेवून समतल केला आणि गाडीला हलकेच ढकललं. ७० सेंटिमीटर जाऊन थांबली. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच.

दोन कारणं निघाली. बेअरिंगच्या आत दाट ग्रीस होतं आणि दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या. चकत्या सुईच्या टोकाने उचकटून काढल्या, बेअरिंग रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, सुकवून शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. दुसरं कारण मला उशिरा दिसलं. नट आवळल्यावर मोठा वॉशर बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर दाबून बसत होता. बोल्टने धरायचं ते फक्त आतलं कडं. मध्ये छोटा वॉशर सरकवला तेव्हा गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

यात दोन दिवस गेले. छोटे वॉशर पहिल्याच दिवशी घालून ठेवा.

९ जानेवारी

टकरीच्या आधी त्वरणाची खात्री करून घ्यायची होती. गाडीला दोरी बांधली, दोरी टोकाच्या कप्पीवरून खाली सोडली आणि तिला ५० ग्रॅमचं वजन लटकवलं. गाडी सोडायची, शेजारी मोजपट्टी चिकटवायची आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचं चित्रीकरण करायचं. ६० सेंटिमीटर जायला किती चौकटी लागल्या ते मोजलं की त्वरण मिळतं.

गाडी बोटाने सोडली की दर वेळी वेगळा आकडा यायचा, कारण सुटताना बोट थोडं पुढे ढकलतं किंवा मागे ओढतं. शेवटी गाडी मागून दोऱ्याने बांधून ठेवली आणि दोरा कात्रीने कापायला लागलो. तेव्हापासून आकडे स्थिरावले: २९० चौकटी, म्हणजे १.२१ सेकंद, म्हणजे त्वरण ०.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग.

मी धरलेला आकडा होता ०.९८. हिशेब असा केला होता: ५० ग्रॅमचं वजन म्हणजे ०.४९ न्यूटन बल, भागिले ०.५०२ किलो. फरक १६ टक्क्यांचा. सगळा दोष घर्षणावर टाकला आणि पुन्हा बेअरिंग धुवायला घेतली. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली आणि आकडा जागचा हलला नाही.

१० जानेवारी

चूक बेअरिंगमध्ये नव्हती, माझ्या कागदावर होती. खाली येणारं वजनही त्वरणानेच खाली येतं. दोरीतला ताण त्याच्या वजनाइतका असता तर त्याच्यावरचं वरचं आणि खालचं बल सारखं झालं असतं आणि ते वेग घेऊच शकलं नसतं. म्हणजे ०.४९ न्यूटन बलाने फक्त गाडी ओढली जात नाही, गाडी आणि ते ५० ग्रॅम अशी दोन्ही ओढली जातात. भागायचं ०.५५२ ने. आला ०.८९. दोरीत प्रत्यक्ष ताण ०.४५ न्यूटनच्या आसपासच असतो.

उरलेला फरक खरोखरच घर्षणाचा. हिशेबाने ते ०.०३७ न्यूटन निघालं. चॅनेलचं एक टोक पुठ्ठ्याच्या चकत्या घालून साधारण ११ मिमी उचललं, म्हणजे उतारच घर्षण फेडतो. पुन्हा मोजलं: २८० चौकटी, ०.८८. एवढं मला पुरे.

हा उतार पुढे त्रास देणार होता, तेव्हा ते कळलं नाही.

१२ जानेवारी

आजची नोंद छोटी. मोबाइलमधला त्वरणमापकच गाडीवर ठेवून टक्कर मोजता येईल का ते पाहिलं. येत नाही. मोबाइल टेबलावर गप्प पडलेला असताना तो ९.८ दाखवतो आणि उशीवर टाकला की हवेत असताना शून्याजवळ जातो. म्हणजे तो आधाराने दिलेला रेटा मोजतो. हे कळलं ते चांगलंच झालं. पण माझ्या मोबाइलवर सेकंदाला शंभरच वाचनं मिळत होती, आणि टक्कर संपायला शंभरावा भाग सेकंद पुरतो. शिवाय मोबाइल गाडीवर ठेवला की वस्तुमान जवळजवळ दीडपट होतं. तो मार्ग सोडला.

१६ जानेवारी

लोड सेल बसवला. ही ॲल्युमिनिअमची छोटी पट्टी असते. बल लागलं की किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा रोध बदलतो. एक किलोचा घेतला. 'गाडीच अर्ध्या किलोची, एक किलोचा सेल भरपूर झाला', असं मनात होतं. सोबत लोड सेलचं वाचन आकड्यात बदलणारा एचएक्स७११ नावाचा नेहमीचा बोर्ड, आणि ते आकडे घ्यायला आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड.

गाडीच्या तोंडाला बोल्टचं डोकं होतं, ते थेट लोड सेलवर आदळवलं. वाचन शून्य. पुन्हा, ३०० ग्रॅम. पुन्हा, शून्य. पुन्हा, ९०० ग्रॅम. काहीही फरक न करता चार टकरींना तीन वेगवेगळी उत्तरं.

त्यानंतर लोड सेलवर काहीच नसताना तो ६२ ग्रॅम दाखवायला लागला. बंद करून चालू केलं, तारा पुन्हा जोडल्या, तरी ६२. पट्टी कायमची वाकली होती.

१८ जानेवारी

दोन दिवस थांबून हिशेब केला. हा आधी करायला हवा होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

गाडीचा वेग साधारण ०.४ मीटर प्रति सेकंद. उसळून मागे येते ते धरून वेगातला बदल ०.६. गुणिले अर्धा किलो, म्हणजे ०.३ न्यूटन-सेकंद आवेग. धातूवर धातू आदळला तर टक्कर पाच मिलिसेकंदांतही संपते. ०.३ भागिले ०.००५, म्हणजे सरासरी बल ६० न्यूटन, आणि शिखर त्याहून वर. एक किलोचा लोड सेल ९.८ न्यूटनसाठी बनवलेला. गाडीचं वजन पाहून सेल निवडला, ती चूक. टकरीतलं बल गाडीच्या वजनावर ठरत नाही. ती किती वेळात थांबते आणि परत फिरते त्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट एचएक्स७११ ची. हा बोर्ड सेकंदाला दहा वाचनं देतो. चिपची एक पिन उंच व्होल्टेजला जोडली की ऐंशी देतो. मी तीही सोल्डर करून पाहिली. पण ऐंशी म्हटलं तरी दोन वाचनांमध्ये १२.५ मिलिसेकंद. पाच मिलिसेकंदांची टक्कर त्या फटीत येऊन निघून जाते. वजनकाट्यासाठी हा बोर्ड उत्तम आहे, टकरीसाठी घेऊ नका.

नुकसान: एक लोड सेल, सहा दिवस.

२२ जानेवारी

नवा लोड सेल पाच किलोचा, म्हणजे ४९ न्यूटनपर्यंत. त्याच्यामागे आयएनए१२५ हा ॲम्प्लिफायर, म्हणजे सेलचं क्षीण व्होल्टेज वाढवणारी चिप, लावला. १२० ओहमचा रोध घातला की त्याची वाढ ५०४ पट होते. ती थेट आर्डुइनोच्या ॲनालॉग (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनवर दिली. आर्डुइनोच्या वाचनातल्या एका पायरीला ०.१ न्यूटनच्या आसपास पडतं. आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भोकांत तारा खोचून, जोडलं होतं. टेबलाला हात लागला तरी वाचन उडायचं. सगळं सोल्डर केलं, लोड सेलच्या तारांना पीळ दिला, मग शांत झालं.

बलाची खूण, म्हणजे कोणतं वाचन किती वजनाचं, ते ठरवण्यासाठी चॅनेल उभा करून लोड सेलवर मोजून भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या: अर्धा लिटर, एक, दोन. इथे एक वेंधळी चूक झाली. खूण किलोमध्ये ठरवली आणि पुढे तिलाच न्यूटन समजलो. क्षेत्रफळ दहापटीच्या आसपास कमी यायला लागलं तेव्हा लगेच लक्षात आलं. ९.८ ने गुणलं.

बोल्टचं डोकं काढून तीन बंपर केले: एक स्प्रिंग, एक रबरी बूच, एक मुलांच्या क्लेचा गोळा.

२४ जानेवारी

रबरी बुचावर तीन टकरी, एकाच उंचीवरून वजन सोडून. क्षेत्रफळ: ०.२१, ०.४६, ०.३३.

अडचण प्रोग्रॅममध्ये होती. मी प्रत्येक वाचन घेतल्या घेतल्या संगणकाला पाठवत होतो, ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. तीन आकडे आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा मिळून पाच अक्षरं, प्रत्येकाचे दहा बिट, म्हणजे सेकंदाला फक्त १९२ ओळी. चिप सेकंदाला नऊ हजार वाचनं घेऊ शकते, आणि मी तिला पोस्टमनचं काम लावून बसवलं होतं. रबराची टक्कर बारा मिलिसेकंदांची. तेवढ्यात दोन किंवा तीन ठिपके. त्यातला एखादा शिखरावर पडला की क्षेत्रफळ फुगतं, दोन्ही उतारावर पडले की आक्रसतं.

आता वाचनं आधी स्मृतीत साठवतो, टक्कर संपली की सावकाश पाठवतो. उनोकडे स्मृती २०४८ बाइट. ६०० वाचनं १२०० बाइटमध्ये बसतात. दर ०.११ मिलिसेकंदाला एक, म्हणजे एकूण ६६ मिलिसेकंदांची खिडकी. बल १ न्यूटनच्या वर गेलं की खिडकी उघडते.

२७ जानेवारी

पहिल्यांदा आकार दिसला. स्प्रिंगचा आलेख हळूहळू चढतो, गोल माथा, हळूहळू उतरतो. रबराचा टोकदार सुळका. कितीतरी वेळ नुसता पाहत बसलो. 'जोराची टक्कर' या दोन शब्दांत किती वेगवेगळे आकार मावतात.

पण शेपटी विचित्र होती. टक्कर संपल्यावर लोड सेलची पट्टी थरथरते, म्हणजे वाचन शून्याच्या वर-खाली व्हायला हवं. माझ्याकडे फक्त वरची अर्धी लाट येत होती. ॲम्प्लिफायर शून्य व्होल्टच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे खालची अर्धी लाट कापली जात होती. वरची मोजली आणि खालची गेली, की क्षेत्रफळ विनाकारण वाढतं. दोन्ही मोजल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. ॲम्प्लिफायरचा पाया, म्हणजे बल नसतानाचं व्होल्टेज, १.२ व्होल्टवर उचलला, तेव्हा पूर्ण थरथर दिसली.

लगेच नवीन चूक. हा पाया मी बोर्ड सुरू होताना एकदाच मोजत होतो, आणि तासाभरात तो सरकायचा. अर्ध्या न्यूटनने सरकला तर आलेखात डोळ्याला कळतही नाही. पण अर्धा न्यूटन ६६ मिलिसेकंद चालला की ०.०३३ न्यूटन-सेकंद होतात, माझ्या उत्तराच्या जवळजवळ दहा टक्के. आता गाडी सोडण्याआधी दर वेळी शंभर वाचनांची सरासरी घेऊन तिलाच शून्य मानतो.

३० जानेवारी

डावी बाजू उभी केली. बंपरच्या अलीकडे १५ सेंटिमीटरवर इन्फ्रारेड फोटोगेट आणि गाडीवर २० मिमी रुंद पुठ्ठ्याची पट्टी. पट्टीने किरण किती वेळ अडवला ते मोजायचं, २० मिमीला त्या वेळाने भागायचं. दुपारी खिडकीतून ऊन आलं की गेट बिथरायचं. काळी नळी चढवल्यावर थांबलं.

ओढायचं वजन थोडंसंच खाली येऊन उशीवर टेकतं, पुढे गाडी आपली आपण जाते. सैल पडलेली दोरी एकदा चाकाखाली आली आणि गाडी पलटी झाली. दोरीला आता हूक लावलाय, दोरी सैल पडताच तो गळून पडतो.

स्प्रिंगवर टक्कर. जाताना ०.४२, येताना ०.२९. वेगातला बदल ०.१३, आवेग ०.०६५ न्यूटन-सेकंद. उजवीकडचं क्षेत्रफळ ०.३७८.

सहापट फरक. मी पुन्हा ॲम्प्लिफायर उघडायला घेतला. भाची शेजारीच होती. तिने गाडी हातात धरली, बंपरपर्यंत नेली, तिथे थांबवली.

"मामा, इथे ती थांबली ना? इथे वेग शून्य."

"हो."

"मग इथून परत मागे कोणी ढकललं?"

"स्प्रिंगनेच."

"मग ते पण मोजायला पाहिजे ना? तुम्ही तर वजा केलं."

०.४२ वरून शून्य, आणि शून्यावरून उलट्या दिशेला ०.२९. बदल ०.७१. दिशा उलटी म्हणजे चिन्ह उलटं, हे मी तिलाच पूर्वी शिकवलं होतं. आकडे समोर आले की मी फक्त त्यांचं आकारमान पाहिलं. डावी बाजू झाली ०.३५६. उजवी ०.३७८. फरक सहा टक्के.

न्यूटनने १६८७ मध्ये दुसरा नियम मांडला तो गतीतल्या बदलाच्या भाषेत, आणि हा बदल दिशेसह धरायचा असतो. शाळेत आपण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण असं म्हणत पुढे जातो, आणि दिशा कुठेतरी सांडते.

१ फेब्रुवारी

सहा टक्के म्हणजे जवळ आलो, इथेच थांबावं असं वाटलं होतं. सवय म्हणून क्लेचा गोळाही मोजला. गाडी त्यात रुतून थांबते, उसळत नाही. डावी ०.२०९, उजवी ०.२०१.

इथे मी सावध झालो. स्प्रिंगला डावी बाजू कमी, क्लेला डावी बाजू जास्त. एकच चूक असती तर दोन्हीकडे एकाच दिशेला ओढ दिसली असती. म्हणजे चुका दोन, आणि स्प्रिंगमध्ये त्या एकमेकींना झाकतायत.

पहिली सापडली परतीच्या वेगात, कारण क्लेमध्ये परती नसते. १० जानेवारीचा तो ११ मिमीचा उतार! जाताना उतार घर्षण फेडतो. येताना गाडीला चढ आणि घर्षण दोन्ही लागतात, म्हणजे दुप्पट अडवणूक. बंपर सोडताना ०.३६ असलेला वेग १५ सेंटिमीटर मागे गेटपर्यंत येताना ०.२९ वर उतरतो. मी टकरीनंतरचा वेग मोजतच नव्हतो, थकलेल्या गाडीचा वेग मोजत होतो.

पुठ्ठ्याच्या चकत्या काढल्या, चॅनेल पुन्हा समतल केला. गेट इतकं पुढे सरकवलं की पट्टी किरणातून बाहेर पडते तेव्हा गाडीचं नाक बंपरपासून ८ मिमीवर असतं. समतल रुळाचा आणखी एक फायदा लक्षात आला. घर्षण आता जातानाही असतं, येतानाही. गेटवर जातानाचा वेग किंचित जास्त दिसतो, येतानाचा किंचित कमी, आणि बेरीज जवळपास खरी राहते. खिडकीही आता गेटवरच उघडते, त्यामुळे टकरीची सुरुवात चुकत नाही.

३ फेब्रुवारी

स्प्रिंग: डावी ०.३९२, उजवी ०.३७८. क्ले: ०.२०९ आणि ०.२०१. दोन्हीकडे डावी बाजू चार टक्के जास्त. हे पाहून आनंद झाला. दोन्हीकडे एकसारखी चूक म्हणजे कारण दोघांत समान असणार, आणि समान होती ती पुठ्ठ्याची पट्टी.

पट्टी पुन्हा मोजली, बरोबर २० मिमी. मग गेटला ती किती रुंद दिसते ते पाहायचं ठरवलं. गाडीच्या मागे ६ मिमीचा बोल्ट एका नटात बसवला. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे बरोबर १ मिमी पुढे. बोल्ट फिरवत गाडी रेटत नेली. किरण तुटल्याचा दिवा लागल्यापासून विझेपर्यंत फेरे मोजले: एकोणीस आणि वर पाचवा हिस्सा. तीनदा केलं, तीनदा तेच. किरणाला स्वतःची जाडी आहे. तो बराचसा झाकला गेल्याशिवाय गेट 'तुटला' म्हणत नाही, आणि थोडा मोकळा होताच 'जुळला' म्हणतं. गेटच्या लेखी पट्टी १९.२ मिमीची.

२० च्या जागी १९.२ घातलं. स्प्रिंगची डावी बाजू ०.३७६, उजवी ०.३७८. क्ले ०.२०१ आणि ०.२०१.

५ फेब्रुवारी

भाचीने संगणकाची बेरीज मान्य केली नाही, स्वतः मोजायचं म्हणाली. आलेखाच्या कागदावर आडवा एक सेंटिमीटर म्हणजे ५ मिलिसेकंद, उभा एक सेंटिमीटर म्हणजे २ न्यूटन, असं प्रमाण धरलं. एका चौकोनाची किंमत ०.०१ न्यूटन-सेकंद. स्प्रिंगचा आलेख काढला, पेन्सिलने आतले पूर्ण चौकोन खुणावले, अर्धे-मुर्धे जोड्या लावून मोजले. साडेसदतीस. म्हणजे ०.३७५.

मग त्याच कागदावर लाल पेनाने रबराचा. जातानाचा वेग तोच ०.४०, येताना ०.२२. आलेख ४० न्यूटनपर्यंत चढला, कागद कमी पडला, वर दुसरा जोडावा लागला. तिने चौकोन मोजले: तीस.

पुन्हा मोजले. तीसच.

स्प्रिंगचा माथा १५ न्यूटनवर, पण पसारा ४० मिलिसेकंदांचा. रबराचा माथा ४० न्यूटनवर, पसारा बाराचा. बल अडीचपटीहून जास्त आणि आवेग कमी. बराच वेळ ती दोन्ही आलेखांवर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "म्हणजे बल म्हणजे उंची, आणि आवेग म्हणजे आतले चौकोन." तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं. मला त्यात भर घालावीशी वाटली नाही.

क्लेचाही काढला: माथा १२ न्यूटन, २६ मिलिसेकंद, वीस चौकोन. त्याच वेगाने आलेली गाडी नुसती थांबवायला वीस, थांबवून परत पाठवायला अडतीसच्या आसपास.

रबराचा हिशेब अजून तीन टक्क्यांनी अडतोय: डावी ०.३११, उजवी ०.३०२. पाच टक्क्यांच्या आत आहे, पण फरक दर वेळी एकाच बाजूला पडतो. माझा संशय ॲम्प्लिफायरवर आहे. इतक्या मोठ्या वाढीवर तो झटपट बदलांना थोडा मागे पडतो आणि टोकदार सुळका बोथट करतो. वाढ निम्मी करून पाहणार आहे.

८ फेब्रुवारी

गाडीवर तिच्याइतकंच वजन बांधलं, एकूण १००४ ग्रॅम. ओढायचं वजन जास्त उंचीवरून सोडून वेग पुन्हा ०.४० वर आणला. आवेग दुप्पट व्हायला हवा. टक्कर किती वेळ चालेल? माझा अंदाज ८० मिलिसेकंद, दुप्पट वस्तुमान म्हणून दुप्पट वेळ.

पहिल्या प्रयत्नात आलेखाची शेपटी कापली गेली. गेटपासून बंपरपर्यंत २० मिलिसेकंद, पुढे टक्कर, आणि खिडकी ६६ चीच. वाचनं वाढवायला स्मृती नाही. म्हणून एकाआड एक वाचन साठवलं. खिडकी १३२ झाली, ठिपके विरळ झाले तरी स्प्रिंगच्या गोल आलेखाला ते चालतं.

टक्कर चालली ५७ मिलिसेकंद. माथा १५ वरून २१ न्यूटनवर गेला. वेळ साधारण १.४ पट, बल १.४ पट, दोन्हींचा गुणाकार दुप्पट. स्प्रिंगने वाढीव आवेग थोडा उंचीत आणि थोडा रुंदीत वाटून घेतला. डावी बाजू ०.७५३, उजवी ०.७४८.

भाचीने नवा कागद जोडून चौकोन मोजायला घेतलेत, चौसष्टपर्यंत आली आहे.